कोल्हापूरचे रँग्लर आणि न बदलणाऱ्या राशी

नारळीकर हे नाव उच्चारले की महाराष्ट्रात बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जयंत नारळीकर येतात. त्यांच्या वडिलांनी, विष्णू वासुदेव नारळीकर यांनी, भारतात सापेक्षता सिद्धांताच्या संशोधनाचा पाया घातला, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतावर काम करणारे लोक जगातही थोडेच होते, अशा काळात कोल्हापूरचा हा गणिती बनारसमध्ये बसून विद्यार्थ्यांची एक फळी तयार करत होता. त्यांच्या संशोधनातला एक प्रश्न तर आज महासंगणकावर अतितप्त द्रव्याची गणिते करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही रोज उभा राहतो. आपण जे मोजतो त्यात निसर्गाचे किती आणि आपल्या मोजण्याच्या पद्धतीचे किती, हा तो प्रश्न.

कोल्हापूर ते केंब्रिज

विष्णू नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. मुलाचा ओढा मात्र गणिताकडे. मुंबईत शिकून १९२८ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि शिष्यवृत्तीच्या बळावर केंब्रिजला गेले. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात. महाराष्ट्राला हा शब्द रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे परिचित झाला होता. १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. नारळीकर १९३० मध्ये रँग्लर झाले. खगोलशास्त्रातील प्रावीण्यासाठी दिले जाणारे टायसन पदक त्यांना मिळाले. पुढे आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि १९३२ मध्ये रॅले पारितोषिकही मिळाले.

त्या वेळी आर्थर एडिंग्टन केंब्रिजमध्ये होते. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे मोजून त्यांनी आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेला पहिला मोठा आधार मिळवून दिला होता. गुरुत्वाकर्षण ही ओढ नसून अवकाश आणि काळ यांची वक्रता आहे, ही कल्पना तेव्हा अवघी पंधरा वर्षांची होती. तरुण नारळीकरांनी पुढील आयुष्य याच विषयाला दिले.

बनारसची हाक

केंब्रिजमधील यशानंतर युरोप-अमेरिकेत संशोधन करत राहण्याचा मार्ग मोकळा होता. पण पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलावून घेतले. १९३२ मध्ये, वयाची चोविशीही नीट पूर्ण झालेली नसताना, ते तिथल्या गणित विभागाचे प्रमुख झाले. या विद्यापीठाची स्थापना १९१६ ची, म्हणजे संस्थाही तरुणच होती.

हा निर्णय सोपा नव्हता. केंब्रिजमध्ये शेजारच्या खोलीत त्याच विषयावर काम करणारा माणूस भेटे. बनारसमध्ये तसा माणूस आधी स्वतः घडवावा लागणार होता. परदेशी नियतकालिके बोटीने येत. शिवाय सामान्य सापेक्षता हा विषयच तेव्हा मागे पडू लागला होता. जगभरातील हुशार तरुण अणू आणि पुंज यामिकीकडे वळत होते. सापेक्षतेची समीकरणे अवघड आणि प्रयोगाने पडताळण्यासारखे फार थोडे, अशी तक्रार असे. नारळीकरांनी तरीही विषय सोडला नाही. या विषयाला महागडी उपकरणे लागत नाहीत. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्यावर बनारसहूनही जगाच्या बरोबरीने काम करता येईल, असे ते क्षेत्र होते.

घरातही गणिताचे वातावरण होते. पत्नी सुमती या कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातल्या, संस्कृतच्या जाणकार. थोरला मुलगा जयंत याचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापुरातच झाला. धाकटे अनंत पुढे अतिसंवाहकतेचे संशोधक झाले. बनारसच्या घरी नारळीकरांनी मुलांसाठी भिंतीवर फळे लावून घेतले होते. शिक्षणासाठी तिथे राहायला आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर भाच्यांसाठी गणिताची कोडी लिहून ठेवत, आणि उत्तर सापडेपर्यंत कोडे पुसले जात नसे. सुमतीबाईंचे दुसरे बंधू वसंत हुजूरबाजार नामवंत संख्याशास्त्रज्ञ झाले आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला.

प्रकाशणारा तारा

आइन्स्टाइनच्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये काढले. एकट्या गोल ताऱ्याभोवती अवकाश-काल किती वाकतो, ते त्यातून कळते. पण या उत्तरातील ताऱ्याच्या बाहेर सगळी निर्वात पोकळी आहे. म्हणजे गणितातला हा तारा काळोखा आहे. खरे तारे तप्त असतात आणि सतत प्रकाश टाकतात. प्रकाश ऊर्जा घेऊन जातो, आणि ऊर्जा गेली की वस्तुमानही घटते. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने गमावतो. मग तळपणाऱ्या ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र कसे लिहायचे?

हा प्रश्न नारळीकरांनी एका तरुणापुढे ठेवला. त्याचे नाव प्रल्हाद चुनीलाल वैद्य. मूळचा गुजरातचा हा गणिताचा शिक्षक नारळीकरांकडे संशोधन शिकायचे म्हणून १९४२ मध्ये पत्नी आणि सहा महिन्यांची मुलगी यांच्यासह बनारसला आला. नोकरी नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती. गाठीशी असलेल्या बचतीवर घर चालवायचे होते. त्याच वर्षी ‘चले जाव’ आंदोलनाने बनारसचे विद्यापीठ ढवळून निघाले. बचत सुमारे दहा महिने पुरली. पण तेवढ्या अवधीत उत्तर हाती आले होते. १९४३ मध्ये ते ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आज ते ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने जगभर शिकवले जाते. सुरुवातीची वीस वर्षे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६० च्या दशकात क्वेसारसारखे प्रचंड ऊर्जा ओकणारे खगोल सापडले, कोसळणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यास सुरू झाला आणि ते उत्तर एकदम उपयोगी ठरले. योग्य प्रश्न योग्य माणसाला देणे हे गुरूचे काम नारळीकरांनी चोख केले होते.

मोजमाप बदलले तरी

नारळीकरांच्या स्वतःच्या संशोधनातला महत्त्वाचा भाग होता तो अचल राशींचा, म्हणजे मोजण्याची पद्धत बदलली तरी न बदलणाऱ्या संख्यांचा. हा विषय ऐकायला कोरडा, पण त्याची गरज समजणे अवघड नाही.

पन्हाळ्याचे उदाहरण घ्या. तीन दरवाजाची उंची समुद्रसपाटीपासून मोजली तर एक आकडा येतो, कोल्हापूर शहराच्या पातळीपासून मोजली तर दुसरा. सज्जा कोठीचेही तसेच. पण तीन दरवाजा आणि सज्जा कोठी यांच्या उंचीतला फरक दोन्ही मोजणींत तोच राहतो. पहिले दोन आकडे आपण शून्य कुठे धरला यावर अवलंबून आहेत. फरक हा गडाचा स्वतःचा आहे.

सामान्य सापेक्षतेत हे स्वातंत्र्य फार मोठे असते. अवकाश आणि काळ मोजण्यासाठी निर्देशक कसेही निवडता येतात. त्यामुळे एखाद्या सूत्रात दिसणारी विचित्र गोष्ट खरी आहे की केवळ निवडीचा परिणाम आहे, हे ओळखणे कठीण होते. श्वार्झशिल्डच्या उत्तरात ताऱ्याच्या केंद्रापासून एका विशिष्ट अंतरावर एक संख्या अनंत होते. बरीच वर्षे अनेकांना ती एक दुर्लंघ्य भिंत वाटली. प्रत्यक्षात ती निर्देशकांची करामत होती. त्या ठिकाणच्या वक्रतेची अचल राशी काढली तर ती अगदी मर्यादित येते. केंद्राशी मात्र हीच राशी अनंत होते, आणि तिथली अडचण खरी आहे. आज आपण ज्याला कृष्णविवराची सीमा म्हणतो ती केंद्रापासून त्या विशिष्ट अंतरावरचीच जागा.

चार मितींच्या अवकाश-कालात वक्रतेपासून अशा १४ स्वतंत्र अचल राशी तयार होतात. नारळीकर आणि त्यांचे सहकारी के. आर. करमरकर यांनी १९४९ मध्ये त्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी करमरकरांनी गोल ताऱ्यांच्या क्षेत्रासाठी एक अट मांडली होती. ‘करमरकर अट’ या नावाने ती आजही घनदाट ताऱ्यांची गणिते करताना वापरली जाते.

जाळीवर बसवलेले क्षेत्र

मोजपट्टी निवडण्याचे स्वातंत्र्य केवळ गुरुत्वाकर्षणात नाही. १९१८ मध्ये हर्मान वाइल यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांताला जोड देताना प्रत्येक ठिकाणी लांबीचे एकक वेगळे असू शकते, अशी कल्पना मांडली. ती कल्पना त्या रूपात टिकली नाही, पण ‘गेज’ हा शब्द मागे राहिला. मीटर गेज आणि ब्रॉड गेज या रेल्वेच्या शब्दांतला गेज तोच, म्हणजे माप. पुढे विद्युतचुंबकत्व हे एक गेज क्षेत्र आहे हे स्पष्ट झाले. १९५४ मध्ये यांग आणि मिल्स यांनी त्याहून गुंतागुंतीची गेज क्षेत्रे मांडली. अणुगर्भातील कणांना बांधून ठेवणारे बल याच प्रकारचे आहे.

ही समीकरणे कागदावर सुटत नाहीत. म्हणून १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी अवकाश-कालावर एक जाळी कल्पिली आणि क्षेत्र तिच्या दुव्यांवर बसवले. हे समजण्यासाठी जुन्या संस्थानी काळासारखे चित्र मनात आणू. कोल्हापूर, सांगली, मिरज आणि इचलकरंजी इथे वेगवेगळी नाणी चालतात अशी कल्पना करा. दोन गावांमधला विनिमयाचा दर म्हणजे जाळीवरचा दुवा. उद्या सांगलीने आपल्या नाण्याचे मूल्य दुप्पट ठरवले तर सांगलीशी जोडलेले सगळे दर बदलतील. पण व्यापाऱ्याने दहा रुपये घेऊन चारही गावांची फेरी पूर्ण केली आणि कोल्हापुरात परतल्यावर त्याचे अकरा झाले असतील, तर सांगलीच्या निर्णयानंतरही अकराच होतील. सुटा दर ही माणसांची सोय आहे. पूर्ण फेरीचा हिशेब मात्र खरा. जाळीच्या प्रत्येक लहान चौकोनाभोवतीचा असा हिशेब म्हणजे त्या जागेची क्षेत्राची तीव्रता.

नारळीकर ज्या वक्रतेचा अभ्यास करत होते तिचा अर्थही हाच आहे. वाकलेल्या पृष्ठावर एक बाण दिशा न बदलता बंद वाटेने फिरवून आणला तर तो मूळ दिशेपासून वळलेला आढळतो. किती वळला, ती वक्रता. नारळीकरांनी संगणकावरची जाळी कधी वापरली नाही आणि गेज क्षेत्रांची ही पुढची गणिते त्यांची नव्हेत. पण दोन्हीकडची अडचण सारखी आहे आणि तिच्यावरचा उपायही सारखा आहे.

या पद्धतीचे एक टोक अतितप्त द्रव्याचे आहे. जड अणुकेंद्रके प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांवर आदळली की तापमान सुमारे दोन लाख कोटी अंशांच्या वर जाते. सूर्याच्या गाभ्याच्या ते लाखपट आहे. तिथे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळून क्वार्क आणि ग्लुऑन यांचे द्रव्य तयार होते. विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या क्षणांत सगळीकडे असेच द्रव्य होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही जाळीच्या पद्धतीने या द्रव्याचा अभ्यास झाला आहे.

समतोलातल्या द्रव्याचे गुणधर्म जाळीवर चांगले काढता येतात. पण ते क्षणोक्षणी कसे बदलते हे पुंज यामिकीच्या नियमांनी पावलापावलाने काढणे आजच्या संगणकांनाही झेपत नाही. तिथे एक जुनी वाट कामी येते. पंचगंगेला पूर आला की कोणी थेंब मोजत नाही, पाण्याची पातळी पाहतो. तसेच तापमान खूप असले की लांब लाटांमध्ये ऊर्जेचे इतके पुंज जमा होतात की सुट्या पुंजांचा विचार सोडून क्षेत्राला सलग लाटेसारखे वागवता येते. मग न्यूटन आणि मॅक्सवेल यांच्या धर्तीच्या अभिजात समीकरणांनी काम भागते. सुरुवातीची स्थिती तापमानानुसार यदृच्छ निवडायची आणि जाळीवरचे क्षेत्र पुढे सरकवत न्यायचे. प्रत्येक बाजूला ६४ बिंदू घेतले तरी सुमारे २.६ लाख बिंदू आणि ७.८ लाख दुवे होतात. विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य का उरले नाही, या प्रश्नाशी संबंधित प्रक्रियांचा वेग अशा गणितांनी काढला गेला.

यातही धोका आहेच. आखूड लाटांना अभिजात नियम लागू होत नाहीत. ते लावले तर ऊर्जा अनंत येते. ही अडचण उष्णतेच्या प्रारणाच्या अभ्यासातही पुढे आली, आणि त्याच अभ्यासातून १९०० मध्ये प्लांक यांची पुंज कल्पना जन्मली. जाळीच्या छिद्राहून आखूड लाट जाळीवर मावत नाही, म्हणून संगणकावर ही अनंतता दिसत नाही. पण जाळी बारीक केली की काही उत्तरे बदलू लागतात. बदलणारे उत्तर निसर्गाचे नसून जाळीचे असते. १९९० च्या दशकात संशोधकांनी हे नेमके ओळखले आणि आखूड लाटांचा परिणाम वेगळा हिशेबात धरण्याच्या पद्धती काढल्या. पडद्यावर सुंदर चित्र उमटले म्हणून ते खरे ठरत नाही. मोजण्याची निवड बदलूनही जे टिकते तेच विश्वसनीय, ही कसोटी संगणकाच्या काळात अधिकच महत्त्वाची झाली आहे.

उत्तरार्ध

बनारसमध्ये जवळपास अठ्ठावीस वर्षे काढल्यानंतर १९६० मध्ये नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. संशोधकासाठी ही वाट वेगळीच होती. त्याच वर्षी जयंत यांनी केंब्रिजमध्ये टायसन पदक मिळवले. वडिलांनी मिळवलेले पदक तीस वर्षांनी मुलाच्याही हाती आले. १९६६ मध्ये नारळीकर पुन्हा अध्यापनाकडे वळले आणि पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून १९७३ पर्यंत राहिले.

तोपर्यंत काळ पालटला होता. क्वेसार, विश्वाच्या जन्माचे उरलेले प्रारण आणि स्पंदक तारे यांच्या शोधांमुळे सापेक्षता पुन्हा भौतिकशास्त्राच्या मध्यभागी आली. देशात या विषयाचे अभ्यासक आता विखुरलेले पण पुरेसे होते, आणि त्यांतले कितीतरी बनारसच्या परंपरेतले. नारळीकरांच्या साठीनिमित्त १९६९ मध्ये अहमदाबादला परिसंवाद भरला. तिथेच सामान्य सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण या विषयाची भारतीय संघटना स्थापन झाली. नारळीकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९३२ मध्ये बनारसला येताना ज्या सोबतीची उणीव होती, ती आता एका संघटनेच्या रूपात समोर बसली होती.

१ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था तेव्हा नुकतीच उभी राहत होती आणि तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी प्रथमच थेट टिपल्या गेल्या. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली ती लहर ओळखण्यासाठी संगणकावर आइन्स्टाइनची समीकरणे सोडवावी लागली. हिंगोली जिल्ह्यात अशा लहरींची भारतीय वेधशाळा मंजूर झाली आहे. तिथे येणारे विद्यार्थी कृष्णविवराची सीमा आणि त्याचे केंद्र यांतला फरक शिकतील तेव्हा त्यांना वक्रतेच्या त्याच अचल राशी मोजाव्या लागतील, ज्यांचा हिशेब कोल्हापूरच्या या रँग्लरने बनारसमध्ये कागदावर मांडला होता.